नवीन पिकअप घेतलीय? मागच्या हौसिंगमध्ये एकदा बोट घालून बघा

गेल्या वर्षी कर्ज काढून नवी पिकअप घेतली, पिंपळगावहून वाशी मार्केटला टोमॅटो टाकायला. ड्रायव्हर ठेवलेला नाही, मीच चालवतो. पहिली सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला केली, फ्री म्हणजे फक्त मजुरी फ्री हं, ऑइलचे पैसे आपलेच. बिल सात हजारांच्या वर गेलं. इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, हौसिंग ऑइल (हौसिंग म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गिअरचा डबा) आणि कन्झ्युमेबल म्हणून साडेतीनशे, ते काय असतं मला आजवर कळलेलं नाही. सुपरवायझरने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढून दाखवली, लेव्हल एकदम बरोबर, मी पण खूश, पैसे देऊन निघालो.

खरी गोम इथेच आहे. डिपस्टिक फक्त इंजिनला असते. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला आणि मागच्या हौसिंगला काडीच नाही, तिथे ऑइल टाकलं की नाही हे गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही, आणि नव्या गाडीखाली कोण झोपतंय? पांढरा शर्ट घालून गेलो होतो मी तर.

महिनाभराने कसारा घाटात मागून हूंऽऽ असा आवाज यायला लागला, रेस सोडली की जास्तच. वर्कशॉपवाले म्हणाले नवीन गाडी आहे, सेट होईल. अजून चार-पाच ट्रिपा मारल्या, हा माझा गाढवपणा. शेवटी हायवेवरच्या आमच्या चाचांकडे नेली. त्यांनी गाडी सपाट जागेवर लावायला लावली, जॅक नाही लावू दिला, गाडी तिरकी झाली की लेव्हल खोटी दिसते म्हणे. दहा मिनिटं थांबून खाली गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे बेटा, याला तर पानाच लागलेला नाही!" फिलर प्लगवर (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) आणि हौसिंगवर मिळून कंपनीची पिवळ्या रंगाची रेघ होती, ती जशीच्या तशी, कुठे तुटलेली नाही. गिअरबॉक्सच्या प्लगचं पण तेच. फोटो काढले, मग उघडला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागायला पाहिजे, चाचांचं बोट दोन पेरं आत गेलं तरी कोरडं. पिनियनच्या (हौसिंगमधला छोटा गिअर) सीलमधून थोडं थोडं झिरपत होतं, आणि सर्व्हिसला कोणी बघितलंच नाही. खालच्या ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला लोखंडाचा चुरा मेंदीसारखा चिकटलेला. (स्वतः करणार असाल तर आधी वरचा प्लग सुटतो का बघा, खालचा आधी काढला आणि वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच.)

वॉरंटी मागायला गेलो तर म्हणे ओव्हरलोड केलंत. फोटो दाखवले तर म्हणे रेघ आम्हीच परत मारतो. बरं मग गिअरबॉक्समधलं ऑइल काळं का? गप्प. वर ऐकवलं की कमर्शियल गाडी आहे, ग्राहक कायदा लागत नाही. हे साफ खोटं, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, मग ऑइलचे पैसे आले परत, पिनियनची बेअरिंग मात्र माझ्याच खिशातून गेली. चाचांनी हौसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल टाकलं आणि बजावलं की हेच गिअरबॉक्समध्ये ओतू नको, आतल्या पितळी रिंगा खाऊ शकतं, तिथे पुस्तकात लिहिलंय तेच.

दुसऱ्या सर्व्हिसला दुसऱ्या वर्कशॉपला गेलो. जायच्या आधी बायकोची लाल नेलपेंट घेतली आणि दोन्ही प्लगांवर आडवी रेघ मारली, फोटो तारखेसकट. पोरगा खाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि सुपरवायझरला हळूच म्हणाला, "साहेब, याचं खरंच बदलावं लागंल."