हातमागावरची चार खणांची पेटी : सात महिने वापरल्यानंतर

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मागावर चार खणांची धोटेपेटी बसली, म्हणजे आडवा धागा नेणारे चार रंगांचे धोटे ठेवायची पेटी. आता दिवाळी तोंडावर आली आहे. एवढ्या काळात तिच्यावर ३१ स्टोल आणि ९ ओढण्या निघाल्या, सगळ्या आडव्या पट्ट्यांच्या नाहीतर चौकड्याच्या. घ्यावी का, असं अनेकजणी विचारत होत्या. मी 'पावसाळा जाऊ दे, मग सांगते' एवढंच म्हणत होते. लाकडाची वस्तू आहे, इंदूरचा मे महिना आणि नंतरचा श्रावण दोन्ही तिने काढल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

माग माझा साधाच आहे, लाकडी चौकटीचा, ३६ इंची हात्याचा (हात्या म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारी झुलती चौकट), रामबागेतल्या घराच्या मागच्या पडवीत बसवलेला. विणायला मी महेश्वरला शिकले. इथून ९० किलोमीटर, पण माझं येणं-जाणं इतकं झालं की बसवाले ओळखायला लागले. तिथल्या चंद्रतारा, बेली, परबी या पट्ट्या-चौकड्यांच्या साड्या पाहून मला हे वेड लागलं. आजीच्या महेश्वरी लुगड्याचा पदर अजून माझ्याकडे आहे. त्यावर पाच पट्टे आहेत, तीन रंगीत आणि त्यांच्या मध्ये दोन पांढरे. तसा पदर आपल्या हाताने विणायचा, एवढ्यासाठीच खरं तर मी माग घेतला.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण दोघी-तिघींनी त्यापायी फुकट चौकशी केली. उभे पट्टे हवे असतील तर ही पेटी लागत नाही. उभा पट्टा ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांतच ठरतो. ताणा काढताना रंग ज्या क्रमाने लावाल, त्याच क्रमाने तो शेवटपर्यंत उतरतो. पेटी लागते ती बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी; आडव्या पट्ट्यांसाठी आणि चौकड्यासाठी. हात्याच्या डाव्या टोकाला एकावर एक चार खण, प्रत्येकात एका रंगाचा धोटा. डाव्या हाताशी असलेली दांडी वर-खाली केली की धोटा ज्या फळीवरून धावतो तिच्यासमोर हवा तो खण येतो. दोरी ओढली की त्यातला धोटा ताण्यातून पलीकडे जातो. उजवीकडे एकच खण.

ही युक्ती जुनी आहे. धोटा हाताने फेकायच्या ऐवजी दोरीच्या झटक्याने पळवायचं इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली काढलं. त्यामुळे विणकाम झपाट्याने वाढलं, पण दुसरा रंग आला की विणकराला थांबून धोटा बदलावाच लागे. ते थांबणं त्याच्या मुलाने, रॉबर्ट केने, १७६० साली या पेटीने काढून टाकलं. मी विकत घेताना मात्र वेळ वाचेल एवढाच विचार केला होता. थांबण्याने कापडाचं काय होतं ते मला कळलं नव्हतं.

वेळेचा हिशोब आधी सांगते. माझा नेहमीचा स्टोल ७२ इंचाचा. दोन इंचाची पट्ट्यांची नक्षी, तिच्यात सहा वेळा रंग बदलतो. म्हणजे एका स्टोलला २१६ वेळा. पूर्वी प्रत्येक वेळी दोरीची मूठ सोडायची, धोटा उचलून बाजूला ठेवायचा, दुसरा ठेवायचा, पुन्हा मूठ धरायची. दहा सेकंद धरले तरी ३६ मिनिटं गेली. आता एवढ्या वेळात चहा होतो, भाजी चिरून होते.

पण पेटीसाठी मी आज भांडेन ती वेळेसाठी नाही. माझ्या जुन्या स्टोलमध्ये प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला एक बारीक रेघ दिसायची. उजेडाकडे धरलं की तिथे कापड जरा विरळ, नाहीतर जरा दाट. मला वाटायचं रंगाचा फरक आहे, रंगीत सूत थोडं जाड आहे. सूत बदललं, रंगारी बदलला, रेघ तशीच. पेटी बसवल्यावर पहिलाच स्टोल उतरवून खिडकीशी धरला आणि रेघ नव्हती. तेव्हा उमगलं. मी थांबले की ताणा जरा सैलावायचा, आणि पुन्हा सुरू करताना पहिला ठोका कधी हलका पडायचा, कधी जोरात. आता हात्याची झुलण्याची लय मोडत नाही. डावा हात दांडी सरकवतो तेवढ्यात पाय पावडी बदलतो आणि ठोका त्याच वजनाने पडतो. दोन रंगांची सीमा चाकूने कापल्यासारखी येते. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. जुना आणि नवा स्टोल शेजारी टांगून पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला आहे.

आता अडचण, आणि ती विकत घेण्याआधी समजून घ्या. डावीकडे चार खण आणि उजवीकडे एकच, म्हणून डावीकडून गेलेला धोटा परत डावीकडे आल्याशिवाय दुसऱ्याला वाट मिळत नाही. म्हणजे प्रत्येक रंगाचे बाणे जोडीनेच पडणार. दोन, चार, सहा चालतील. तीन नाही, सात नाही. माझ्या कापडात इंचाला ५६ बाणे बसतात, तेव्हा एका सुताला, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाला, नेमके सात येतात. मला एक सुताचा पट्टा हवा असेल तर सहा टाका नाहीतर आठ. एका बाण्याचा फरक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी असल्यामुळे डोळ्याला तो कळत नाही. मी आता मोजतेच जोड्यांनी. मागाच्या वरच्या आडव्या दांडीवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर खणाचा आकडा आणि जोड्या लिहून ठेवते.

जोडीचा नियम खरा आड येतो तो एकेरी रेघेत. गडद-फिका-गडद-फिका असा एकाआड एक बाणा टाकून जी मिरमिरी उठते, ती या पेटीवर येणारच नाही. ती हवी असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन खणांची पेटी घ्या. तिच्यावर जास्तीत जास्त तीन धोटे चालतात, कारण येणाऱ्या धोट्यासाठी कुठेतरी एक खण रिकामा ठेवावा लागतो. मला चार रंग हवे होते, म्हणून मी ही घेतली, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन.

पहिले तीन आठवडे मात्र मी रडकुंडीला आले होते. धोटा बाहेर उडायचा. चाललंय छान, आणि अचानक धोटा सूं करून ताण्यावरून पडवीच्या कोपऱ्यात. एकदा खिडकीच्या गजावर आपटून त्याच्या टोकाचं लोखंड वाकलं. घरात लहान मूल असेल तर हात्यावर धोटा अडवणारी जाळी किंवा आडवी पट्टी बसवल्याशिवाय पेटीला हात लावू नका. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सवय होईल. सवयीचा प्रश्न नव्हता. धोटा दर वेळी तिसऱ्याच खणातून उडत होता.

शेवटी परदेशीपुऱ्यातले एक काका आले. इथल्या एका कापड गिरणीत ते जॉबर होते, मागांचं बिघडलेलं दुरुस्त करण्यातच त्यांची उमर गेली. त्यांनी चष्मा लावला, स्टीलची पट्टी फळीवर आडवी ठेवून तिचं टोक तिसऱ्या खणाच्या तळावर नेलं, आणि खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढून पट्टीखाली सरकवलं. फळीवर पट्टी चिकटून होती. खणाच्या तळावर मात्र पोस्टकार्ड अलगद आत गेलं. म्हणजे तिसरा खण एका पोस्टकार्डाएवढा खाली होता.

मी म्हटलं, "काका, एवढ्याने काय होतं?"

"वहिनी, जाताना जो चढ, तोच येताना उतार. धोट्याला पायरीच नको, ना चढायला ना उतरायला."

दांडी ज्या खाचांत अडकते त्यातली तिसरी खाच नीट घासलेली नव्हती. त्यांनी कानस लावली, पुन्हा पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, पुन्हा दोन हात कानस, मग चारही खण तपासले. अर्धा तास गेला. त्यानंतर आजवर धोटा दोनदाच उडाला आणि दोन्ही वेळा धोट्यातल्या कांडीचं सूत अडकलं म्हणून. गिरणीत अशी पेटी साखळीवर चालायची, नक्षीप्रमाणे साखळीच खण बदलायची, असं ते सांगत होते. 'इथे साखळी तुम्हीच', म्हणाले. इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद झाल्या, हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात. पण त्या मागांची नाडी ओळखणारी माणसं अजून आपल्या शहरात आहेत. पेटी घेतलीत तर त्यांच्यापैकी कुणाला तरी घरी बोलवा, चहा द्या, आणि बसून शिका.

मेमध्ये दुसरं संकट आलं, तेव्हा चूक माझीच होती. धोट्याला ढकलणारा चामड्याचा पिकर असतो, त्याला मध्ये खळगा असतो. धोटा जोरात आला की त्याचं टोक त्या खळग्यात रुतून राहतं आणि पेटी हलत नाही. मी घाईत होते, दांडी जोर लावून ओढली, आणि दुसऱ्या खणाची कड तडकली. डिंकाने आणि दोन बारीक खिळ्यांनी जोडून घेतली. मग खणाच्या शेवटी चामड्याची जाड पट्टी लावली, धोटा तिच्यावर टेकून जरा मागे येतो आणि पिकर मोकळा राहतो. आता कानालाच कळतं. बरोबर बसला तर 'टप्', रुतला तर कोरडा 'टक्'. 'टक्' आला की मी दांडीला हात लावत नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगलं. जुलैच्या शेवटी खालचा खण अडकायला लागला. पेटी उतरवून सरकायच्या खोबणी बारीक पॉलिश पेपरने घासल्या आणि पांढरी मेणबत्ती चोळली. तेल अजिबात नको, तेलाचा एक थेंब पांढऱ्या बाण्यावर आला तर स्टोल गेलाच. उन्हाळ्यात उलट, लाकूड आक्रसून स्क्रू ढिले होतात. दर सोमवारी काम सुरू करण्याआधी ते आवळायचे, एवढं पुरतं.

वजनाबद्दलही सांगायला हवं. चार खणांनी हात्याचं डावं टोक जड होतं. महिनाभरात माझा डावा खांदा भरून आला आणि कापडाची ओळ तिरकी जायला लागली, डावीकडे दाट, उजवीकडे सैल. उजव्या टोकाला लोखंडी वजन बांधून तोल साधला, खांदाही सुटला. जो धोटा सगळ्यात जास्त चालतो तो आणि त्याच्या जोडीचा रंग शेजारशेजारच्या खणांत ठेवा. पहिल्यावरून थेट चौथ्यावर जायला दांडी लांब ओढावी लागते, आणि लय तिथेच मोडते.

सगळे धोटे डावीकडेच थांबतात, म्हणून न चालणाऱ्या रंगांचे धागे डाव्या काठावरूनच वर चढतात. उजवा काठ सुरेख येतो, डावा जरा जाडसर. पट्टा अर्ध्या इंचापर्यंत असेल तर मी धागा तसाच वर नेते. त्याहून रुंद पट्टा असेल तर कापते आणि टोक पुढच्या ओळीत दुमडून घेते. घाई केली तर काठावर लोंबणारे फास राहतात, गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं.

किंमत मला जास्त वाटली नाही, बनावट मात्र एवढ्या पैशांत याहून नेटकी हवी होती. सोबत आलेले चार धोटे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. तिघांचं वजन जवळपास सारखं, चौथा ३८ ग्रॅमने हलका. हलका धोटा खणात आपटून मागे उसळतो. त्याच्या पोटात शिशाची पट्टी बसवून घेतली, पण हे काम विकणाऱ्याचं होतं. बसवायला सुतार आला की तो जायच्या आत दोन गोष्टी करून घ्या. चारही धोटे तोला, आणि चारही खणांच्या तळावर पट्टी ठेवून खाली पोस्टकार्ड सरकवून बघा.

सध्या मागावर आजीच्या पदराची ओढणी आहे. तीन पट्टे वांगी रंगाचे, मध्ये दोन पांढरे, प्रत्येक पट्टा १४ जोड्यांचा. चौथा पट्टा काल रात्री संपला.