जुनी जिप्सी की नवी जिम्नी? आणि थारचं काय? जुनी साधी फोर बाय फोर घेण्याआधी

मी मारुतीची २००८ ची जिप्सी २०२२ मध्ये घेतली, आणि वर्षभरात मारुतीचीच जिम्नी आली. तेव्हापासून लग्नात, मुंजीत, पेट्रोल पंपावर एकच प्रश्न, की अरे जरा थांबला असतास तर नवी कोरी आली असती ना, हा खटारा कशाला घेतलास. आता दोन ओळखीचे त्याच विचारात आहेत, एकाच्या मनात जिप्सी की जिम्नी चाललंय आणि दुसऱ्याच्या मनात महिंद्राची जुनी थार की नवी, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी जिप्सीवाला आहे त्यामुळे थोडा कल तिकडे असणार हे धरूनच वाचा.

आधी एक गैरसमज. जुनी गाडी घेतली म्हणजे पैसे वाचले असं डोक्यात असेल तर तो विषय इथेच सोडा. बऱ्या अवस्थेतल्या जिप्सीला जो भाव सांगतात त्यात चांगली सेकंडहँड हॅचबॅक येते, एसीसकट, आणि घेतल्यावर पहिल्या वर्षात टायर, पाटे, बुश, ब्रेक, रबरी पाइप, हूड असं करत करत अजून तेवढ्याच्या निम्मे तरी जातात. माझे गेले. बायकोला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

मग घेतात कशाला? मी ज्या ज्या जिप्सीवाल्यांशी आणि जुन्या महिंद्रावाल्यांशी बोललोय त्यांचं उत्तर फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: बंद पडली तर पुढे काय. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही तीन गाड्या घेऊन वेल्ह्यावरून केळदकडे निघालो होतो, मढे घाटाची बाजू, पाऊस तुफान. माझी जिप्सी मधेच गप्प झाली, अर्थिंगची वायर गंजून तुटलेली, वेल्ह्यात टू व्हीलर दुरुस्त करणाऱ्या एका पोराने ती घासून नवीन लग लावून दिला, अर्धा तास आणि शंभर रुपये. त्याच ट्रिपला बरोबरच्या एका नव्या गाडीची (नाव कशाला घ्यायचं) चिखलात कुठली तरी सेन्सरची वायर सुटली, डॅशबोर्डवर दिवाळी, गाडी रांगायला लागली आणि फोर बाय फोर (पुढच्या-मागच्या दोन्ही जोड्यांना जोर देणं) लागेचना. कोणालाच काही कळेना कारण बघायलाच स्कॅनर लागतो. शेवटी टेम्पोवर चढवून पुण्यात आणली.

ही गोष्ट जिप्सीवाले फार आवडीने सांगतात, पण दुसरी बाजू सांगत नाहीत. ती नवी गाडी त्याच्या आधी आणि नंतर एकदाही थांबलेली नाही. माझी वर्षातून तीन-चारदा थांबते. म्हणजे जुनी गाडी भरवशाची वगैरे नसते, ती सारखी मोडते आणि सारखी दुरुस्त होते, नवी क्वचित मोडते पण मोडली की तुमच्या हातात काहीच नसतं. यातलं काय सोसेल ते ज्याचं त्याने ठरवावं. मला पहिलं सोसतं, कारण माझ्याकडे रोज ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. एकच गाडी असेल तर सरळ जिम्नी किंवा नवी थार बघा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता गाड्यांवर येऊ. जिप्सी भारतात आली १९८५ च्या डिसेंबरात, ९७० सीसी, ४५ हॉर्सपॉवर, चार गिअर. १९९६ ला १.३ लिटरची जिप्सी किंग आली आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) होऊन ८० हॉर्सपॉवर झाली. घ्यायचीच असेल तर ही एमपीएफआयवालीच घ्या. कार्बोरेटरवाली दिसायला गोड, पण थंडीत चोक ओढत बसायची हौस दोन महिन्यांत फिटते. एमपीएफआयचा मोठा फायदा म्हणजे हेच इंजिन एस्टीममध्ये होतं आणि पहिल्या १.३ पेट्रोल स्विफ्टमध्येही, त्यामुळे इंजिनाचं सामान कुठेही मिळतं. पुण्यात नाना पेठेत नाही मिळालं तर तालुक्याच्या दुकानात मिळतं. सामान अडतं ते बॉडीचं, हूडचं, काचेच्या चौकटीचं. सामान्य गिऱ्हाइकासाठी ही गाडी २०१९ च्या मार्चला बंद झाली, कारण एबीएस, एअरबॅग, क्रॅश टेस्ट आणि पाठोपाठ बीएस-६ हे सगळे नियम एका मागोमाग एक आले आणि ८५ सालच्या डिझाइनमध्ये ते बसवणं परवडणारं नव्हतं. लष्कराला मात्र त्यानंतरही जिप्स्या दिल्या गेल्या.

जिम्नी जून २०२३ ला आली, पाच दारांची, सुरुवातीची किंमत १२.७४ लाख एक्स-शोरूम. दीड लिटर, १०३ हॉर्सपॉवर, १३४ एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ). आणि गंमत बघा, खालचा सांगाडा विचाराने तोच आहे: शिडीची चॅसी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, लो रेंजचा (हळू पण जास्त ओढीच्या गिअरचा) वेगळा दांडा. ग्राउंड क्लिअरन्स दोघींचा २१० मिलिमीटर. फरक आहे तो पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले यात, आणि त्याहून मोठा फरक चाक फिरायला लागलं की काय होतं त्यात.

हे जरा नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि जिप्सीवाले तर मुळीच सांगणार नाहीत. जिप्सी फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं जोर लावतात असं नाही. पुढे एक आणि मागे एक डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी यंत्रणा) असतं आणि डिफरन्शिअलला आळशी चाक आवडतं, जे चाक मोकळं आहे त्यालाच ते सगळा जोर देतं. म्हणजे पुढचं एक चाक हवेत आणि मागचं तिरकस समोरचं हवेत, की ती दोन गरगर फिरणार, जमिनीवरची दोन शांत, आणि गाडी जागेवर. जिम्नी अशा वेळी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या बाजूला ढकलते. मी स्वतः पाहिलंय, ज्या खड्ड्यात माझी जिप्सी तीनदा घसरली त्यातून माझ्या मेव्हण्याची जिम्नी, ऑटोमॅटिक, गाणी चालू, हळूच बाहेर आली. त्यादिवशी मी फारसं बोललो नाही.

पण वजन. जिप्सी सॉफ्ट टॉप टनाच्या आतली आहे, ९८५ किलोच्या आसपास. जिम्नी बाराशे किलो. नवी थार पावणेदोन टनांच्या घरात. भातखाचरातून, ओल्या मुरमावरून किंवा नदीकाठच्या रेतीतून जायचं असेल तर हा हलकेपणा हॉर्सपॉवरपेक्षा जास्त मोलाचा असतो. थार जिथे बुडते तिथे जिप्सी वरून वरून जाते, आणि नाहीच गेली तर चार माणसं आणि एक दोर पुरतो. थार बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला आधी गाडी बघतो मग भाव सांगतो.

ताडोबाला गेलात तर मोहर्लीच्या गेटवर बघा, सफारीच्या गाडीचं नावच जिप्सी पडलंय, लोक म्हणतात सकाळची जिप्सी मिळाली का. वर्षानुवर्षं रोज दोन फेऱ्या, धूळ, खड्डे, सहा-सात माणसं. तिकडच्या मेस्त्रींना ही गाडी झोपेत उघडता येते. माझ्या ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या डब्याचा) आवाज पुण्यात दोघांना कळला नव्हता, नागपूरच्या एकाने फोनवर ऐकून बेअरिंग सांगितलं.

महिंद्राकडे वळू. जुन्यात दोन जाती. एक एमएम ५४० वगैरे जीप, पूझो कंपनीचं डिझेल इंजिन, एकदा चालू झालं की विजेची गरज जवळजवळ नाहीच. धूर, आवाज, हादरे सगळं भरपूर, वेग विचारू नका. ती घेणारा माणूस वेगळा असतो, त्याला तुलना नको असते, त्याला वडिलांची जीप परत हवी असते. दुसरी म्हणजे २०१० ते २०२० मधली थार सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं डिझेल), २.५ लिटर, १०५ हॉर्सपॉवर, २४७ एनएम, आणि माझ्या मते जुन्या साध्या गाड्यांमध्ये सगळ्यात व्यवहारी हीच. पावर स्टिअरिंग आहे, एसी मिळतो, मागे पाटे आहेत, टॉर्क असा की दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते. २०१५ नंतरच्या थारला मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शिअलही मिळालं, म्हणजे वर सांगितलेलं आळशी चाकाचं दुखणं बरंचसं गेलं. तिची दोन दुखणी: डिझेल आहे त्यामुळे पंधरा वर्षांनंतर कागदपत्रांची कटकट जास्त, आणि बहुतेक गाड्यांवर मालकांनी इतके प्रयोग केलेले असतात की मूळ अवस्थेतली सापडणं म्हणजे नशीब. पंचवीस दिवे, दोन हॉर्न, बाहेर आलेले टायर, वर कवटी.

२०२० च्या २ ऑक्टोबरला आलेली नवी थार ही खरं तर वेगळीच गाडी. पेट्रोल १५० हॉर्सपॉवर, डिझेल १३०, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी म्हणते, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार. हायवेवर तीन तास बसून उतरलात तरी पाठ दुखत नाही.

आणि इथे जुन्या गाडीवाल्यांनी प्रामाणिक व्हावं. माझ्या जिप्सीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे आडव्या बाकड्यावर बसणाऱ्याला धरायला फक्त पाइप. पावर स्टिअरिंग नाही म्हणून पार्किंग करताना व्यायाम होतो, ते चालतं. पण एक्स्प्रेसवेवर शेजारून कंटेनर गेला की गाडी हलते, आणि ऐंशीच्या वर मी नेत नाही. पोरांना घेऊन मुंबईला जायचं तर मी हॅचबॅक काढतो. जिम्नीत सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आहे. या मुद्द्यावर जुनी गाडी हरते, आणि ‘आधीच्या गाड्यांचा पत्रा जाड असायचा’ हे बोलणं बंद करा, जाड पत्रा म्हणजे आतल्या माणसाला बसणारा धक्का कमी होतो असं नाही.

अ‍ॅव्हरेज मला दहा-अकरा मिळतं. जिम्नीचं कंपनी जवळपास सतरा सांगते, मेव्हण्याला तेरा-चौदा मिळतं. शिवाय आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या रबरी पाइपांना आणि सीलना ते मानवत नाही, मी घेतल्या घेतल्या पेट्रोलचे सगळे पाइप बदलले, तुम्हीही पहिलं काम तेच करा. पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ म्हणून सोडू नका.

कागदं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग आरटीओत पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढवायचं, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीची रिन्यूअल फी पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केली. दिल्लीकडची स्वस्त जिप्सी दिसली की लोक धावतात, कारण तिकडे पंधरा वर्षांवरचं पेट्रोल आणि दहा वर्षांवरचं डिझेल यांच्यावर बंधनं आहेत म्हणून गाड्या बाहेर काढतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे धरलं की स्वस्ताई विरघळते. लिलावातून आलेल्या लष्करी गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स छान असू शकतं, फक्त आरसी आधी हातात घ्या मग पैसे द्या. आणि ज्या जिप्सीत १.६ बलेनोचं इंजिन बसवलंय ती पळते झकास, पण आरसीवर त्याची नोंद आहे का ते बघा. नसेल तर अपघातानंतर इन्शुरन्सवाले काय म्हणतील याचा विचार करून ठेवा.

तर माझं मत असं. घरात दुसरी गाडी आहे, शनिवारी हात काळे करायला आवडतं, गावाला शेत किंवा डोंगराचा रस्ता आहे: एमपीएफआय जिप्सी. हेच सगळं, पण लांब पल्ला आणि एसी पण हवा: २०१५ नंतरची थार सीआरडीई. ऑफ-रोडिंग आवडतं पण दुरुस्ती आवडत नाही: जिम्नी, डोळे मिटून. घरचे पण बसणार, हायवे पण होणार आणि चारचौघांत भारी पण दिसायचंय: नवी थार. शेवटच्या कारणात लाज वाटण्यासारखं काही नाही, निम्मे लोक त्यासाठीच घेतात.

जिप्सी बघायला जाताना टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर न्या. रंगावर जाऊ नका, मॅट उचलून पायाखालचा पत्रा टोचून बघा, काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा बघा, मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी (पाटे चॅसीला जोडणाऱ्या कडीपाशी) चॅसी बघा, तिथे वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर सरळ घरी या, कारण इंजिन नवं बांधता येतं पण सडलेल्या चॅसीचं काही होत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर किंगपिनची बेअरिंग गेलीत, ते काम महाग नाही पण भाव पाडायला उपयोगी. कच्च्या रस्त्यावर लो रेंज टाकून बघा (डांबरावर नको, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल नाही, गाडी अडकल्यासारखी होते), अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दांडा उडून न्यूट्रलला येतोय का बघा. हाताचे हब (पुढची चाकं फोर बाय फोरला जोडणारे, हाताने फिरवायचे खटके) असतील, माझ्या गाडीला आहेत, तर दोन्ही स्वतः फिरवून बघा, पावसात भिजत खाली उतरून हेच करायचंय पुढची दहा वर्षं.

आणि सकाळी लवकर जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, कारण खरी दुखणी इंजिन थंड असतानाच कळतात. पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि परत या.