जुना 24 इंची प्लॉटर, नवं विंडोज आणि ड्रायव्हरला सुट्टी

आधी निकाल सांगते. तुमच्याकडे 2000 च्या दशकातला प्लॉटर (रोलच्या मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापणारं मशीन) असेल, काम मुख्यतः ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रेघांचं असेल आणि नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर बसत नसेल, तर त्याला भंगारात घालू नका. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा पीडीएफच्या नावाने, त्याचं खाली येईलच.

मॉडेलचं नाव देत नाही, कारण ही गोष्ट एका मॉडेलची नाही. ज्याला एचपी-जीएल/2 ही प्लॉटरची भाषा कळते, अशा कुठल्याही मशीनला हे लागू आहे.

कराडला आमचं स्ट्रक्चरल डिझाईनचं छोटं ऑफिस आहे. हल्ली सगळं व्हॉट्सॲपवर जातं हे खरं, पण स्लॅबच्या दिवशी साईटवर कागदच लागतो. एका कॉन्ट्रॅक्टरने तर फोनवरच सुनावलं, "ओ मॅडम, बोटांना सिमेंट आणि मोबाईल मोठा करून करून सळया मोजायच्या का?" 24 इंच म्हणजे 609.6 मिलिमीटर, ए1 कागदाची 594 मिलिमीटरची बाजू रोलवर आरामात बसते. आम्हाला यापेक्षा मोठं क्वचितच लागतं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आमचा जुना कॉम्प्युटर 32 बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या, विंडोजवर चालायचा आणि विंडोज 11 ला 32 बिटची आवृत्तीच नाही. म्हणजे कॉम्प्युटर नवा, विंडोज नवं 64 बिट आणि प्लॉटरची सीडी मात्र 32 बिट ड्रायव्हरची. तो ड्रायव्हर 64 बिट विंडोजवर चालणार नाही, कितीही वेळा 'नेक्स्ट' दाबा. डीलरच्या माणसाने मशीनकडे न बघताच सांगितलं, "एंड ऑफ लाईफ झालंय, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." एक्स्चेंजचा भाव ऐकून मी चहासुद्धा विचारला नाही.

आता मुद्द्याचं. ड्रायव्हर करतो काय? तुमचं ड्रॉइंग प्लॉटरला कळेल अशा भाषेत लिहून देतो. ते काम दुसरं कोणी करत असेल, तर कंपनीच्या ड्रायव्हरवाचून अडत नाही. डिप्लोमाला असताना आमच्याकडे खरा पेनवाला प्लॉटर होता, हात सरकवत रेघ ओढणारा. त्याची भाषा एचपी-जीएल, आणि एचपी-जीएल/2 ही तिचीच पुढची पिढी. साधा मजकूर असतो: पीयू म्हणजे पेन उचल, पीडी म्हणजे पेन टेक, पुढे एक्स-वायचे आकडे. एका मिलिमीटरला 40 एकक. म्हणजे पेन टेकवून 4000 एकक सरकवलं की बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ.

तीच चाचणी आधी केली. विंडोजमध्ये आयताच असलेला 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' प्रिंटर प्लॉटरच्या यूएसबी पोर्टवर बसवला आणि शेअर केला. नोटपॅडमध्ये एवढ्या एका रेघेची फाईल लिहिली आणि कमांड प्रॉम्प्टमधून 'कॉपी /बी' ने त्या शेअरकडे पाठवली. नोटपॅडमधूनच प्रिंट दिली तर विंडोज त्याला मजकुराचं पान समजून मध्ये हात घालतं; कॉपीने फाईल जशीच्या तशी जाते. प्लॉटरने जरा घसा खाकरला, रोल ओढला आणि रेघ काढली. स्टीलची पट्टी लावली. 10 सेंटीमीटर.

पुढचं ऑटोकॅड करतं. 'ॲड-अ-प्लॉटर विझार्ड'मध्ये सिस्टीम प्रिंटर न निवडता ऑटोकॅडचाच एचपी-जीएल/2 ड्रायव्हर निवडायचा आणि 'प्लॉट टू फाईल' ठेवायचं. पीसी3 फाईल, म्हणजे प्लॉटरच्या सेटिंगची फाईल, तयार होते, ती पेज सेटअपमध्ये लावली की काम झालं. प्लॉट दिला की पीएलटी फाईल मिळते, म्हणजे प्लॉटरच्या भाषेत लिहिलेलं ड्रॉइंग. डेस्कटॉपवर त्याच 'कॉपी /बी' कमांडची एका ओळीची बॅच फाईल करून ठेवली आहे. पीएलटी तिच्यावर ओढून सोडायची. आमच्या ड्राफ्ट्समनने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, आता सवय झाली. कुठलंही जास्तीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं नाही.

पीसी3 मध्ये शिरलाच आहात तर प्लॉटर कॅलिब्रेशनही करून घ्या. ऑटोकॅड एक चौकोन काढायला लावतं, आपण मोजून खरी मापं भरायची, ती पीएमपी फाईलमध्ये राहतात. जुन्या मशीनचे रोलर झिजलेले असतात. आमचा रोलच्या दिशेने लांबी जरा कमी देत होता. 1:50 ला फूटिंगवर पट्टी टेकवून माप घेणारे मिस्त्री अजून आहेत, कितीही सांगा की लिहिलेलं माप बघा.

टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगवरच्या नाव-माहितीच्या चौकटीतलं) मराठी व्यवस्थित आलं, मात्र जुने फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर आधी टाकावे लागले.

आता तो कापलेला तारा. आर्किटेक्टकडून आलेली पीडीएफ या वाटेने थेट जात नाही, ती एचपी-जीएल/2 नसते. पीडीएफमध्ये खऱ्या रेघा असतील तर ऑटोकॅडच्या 'पीडीएफइम्पोर्ट'ने आत घेऊन प्लॉट देता येते. स्कॅन केलेली असेल तर ती नुसती प्रतिमा. अशा वेळी मी सरळ झेरॉक्सवाल्याकडे पाठवते. रंगीत प्रेझेंटेशन, थ्रीडी व्ह्यू, फोटो यांचाही नाद करू नका. मशीनची मेमरी इवलीशी, अर्ध्यात दम तोडतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या विंडोजच्या आतच, जुनं विंडोज चालवायचा उपायही करून पाहिला. चालतो, पीडीएफसुद्धा निघते. पण एका प्रिंटसाठी अख्खं दुसरं विंडोज उठवायचं, त्याला यूएसबी जोडून द्यायचं आणि इंटरनेटपासून लांब ठेवायचं. रोज काम असणाऱ्याला ही कटकट परवडत नाही.

सेकंडहँड घ्यायला निघाला असाल तर चालू करून प्लॉटरच्याच मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान काढायला लावा आणि त्यावर एचपी-जीएल/2 छापून येतंय का बघा. एकाच नावाच्या दोन मशीनमध्ये एकात ही भाषा असते आणि स्वस्तातल्यात नसते, त्यात वेगळं कार्ड घालावं लागतं. विकणारा "सगळं आहे साहेब" म्हणेल. पान हातात आल्याशिवाय पैसे काढू नका, आणि झाकण उघडून आतला रबरी पट्टा बोटाने चाचपा. भुगा हाताला लागला तर तो खर्च आधी भावातून वजा करून घ्या.