कासवाच्या जीवाश्म-कवचासाठी पॅरालॉइड बी-७२

कासवाची नवी प्रजाती बहुतेकदा कवचावरूनच ओळखली जाते: हाडांच्या पट्टांमधले सांधे आणि खवल्यांच्या कडांनी उमटवलेल्या खाचा. असे नमुने कितीदा तरी आधी हौशी शोधकांच्या हाती लागतात, आणि घाईने ओतलेल्या सुपरग्लूने नेमक्या याच खुणा बुजतात. पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक रेझिन, म्हणजे दाण्यांच्या रूपात मिळणारे पारदर्शक प्लास्टिक, इथे फार मोलाचे. ते सहसा पिवळे पडत नाही, आणि चुकीचा जोड वर्षांनंतरही अॅसिटोन या द्रावकाने सोडवता येतो.

भुसभुशीत हाडाला बळकटी द्यायला १०० मिलि अॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम दाणे पुरतात. चिकटवायला दोन्ही वजनाने निम्मे-निम्मे. दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत टांगावेत, नुसते टाकले तर तळाशी गोळा बसतो. हाड ओले असेल तर पांढरट थर धरतो, म्हणून आधी पूर्ण वाळवा. दाट द्रावण आत मुरत नाही, वरच चकाकत राहते.

मोठी उणीव उष्णतेची. साधारण ४० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते आणि उन्हात तापलेल्या गाडीत जोड सरकतात. शिवाय सुकायला वेळ घेते. तुकडे वाळूच्या तबकात टेकवून ठेवावेत. खिडक्या उघड्या, आग लांब. काय, किती टक्के आणि कुठे लावले हे नमुन्याच्या चिठ्ठीवर जरूर लिहा, आणि एखादा तुकडा काहीही न लावता संशोधकासाठी राखा.