'स्वयंवर' आधी ऐकावे की 'मत्स्यगंधा'?

नाट्यसंगीत नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? 'स्वयंवर' या संगीत नाटकाच्या (१९१६) चाली भास्करबुवा बखल्यांच्या. यमन रागातले 'नाथ हा माझा' म्हणजे जवळजवळ बंदिशच, म्हणजे शास्त्रीय गायनातली रागबद्ध रचनाच. बालगंधर्व ते रंगवत, वन्समोअर घेत, आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. गाण्यासाठी नाटक थांबे. प्रेक्षक त्यासाठीच येत. 'मत्स्यगंधा' नाटकात (१९६४) संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी पदे आटोपशीर केली. रामदास कामतांचे 'गुंतता हृदय हे' लवकर संपते, पण त्यातली ओढ मागे राहते. आशालता वाबगावकरांचे 'गर्द सभोवती' तर भावगीताइतके जवळचे वाटते. नवख्याने आधी अभिषेकीच ऐकावेत. मी मात्र पुन्हा पुन्हा बालगंधर्वांच्या खरखरत्या ध्वनिमुद्रिकांकडे वळतो; तो लडिवाळ स्वर मला दुसरीकडे सापडलेला नाही.