शेवटच्या फेऱ्यांतला वाइड रिसीव्हर: मुरलेला घ्यावा की नवखा?

फॅन्टसी फुटबॉलमध्ये आपण एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खरे खेळाडू घेऊन स्वतःचा संघ बनवतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. हे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, तो ड्राफ्ट. त्याच्या पहिल्या आठ फेऱ्यांबद्दल सल्ला मागाल तितका मिळतो. पंचाईत होते ती अकराव्या-बाराव्या फेरीपासून. धड रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) संपलेले असतात, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) घेऊन झालेला असतो आणि वाइड रिसीव्हरच्या, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांच्या, यादीत दोनच प्रकारचे लोक उरतात. एक तिशीच्या आसपासचा मुरलेला गडी. त्याचा संघ सुमार असतो, पण स्लॉटमधून (रांगेतल्या आतल्या जागेवरून) दर आठवड्याचे चार-पाच झेल ठरलेले. दुसरा यंदाच एनएफएलमध्ये आलेला पोरगा. त्याच्याकडे चेंडू कितपत वळेल हे त्याच्या कोचलाही अजून ठरवायचं असतं. न्यू जर्सीतल्या आमच्या बारा जणांच्या लीगमध्ये मी दोन्ही पद्धतींनी बरीच वर्षं खेळलोय. माझा कल एका बाजूला झुकलाय, तो कशामुळे ते सांगतो. तुमच्या लीगचे नियम वेगळे असतील तर तेवढं वजा करून वाचा.

मुरलेल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही. पूर्ण पीपीआर (दर झेलाला एक गुण) असेल तर पाच झेल आणि पन्नास यार्ड (दर दहा यार्डांना एक गुण) म्हणजे दहा गुण, टचडाउनचं, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेण्याचं, नावही न घेता. बाय वीकमध्ये (संघाच्या सुट्टीच्या आठवड्यात) आपले दोन मुख्य रिसीव्हर एकदम बाहेर बसले की हे दहा गुण सोन्यासारखे वाटतात. ॲडम थीलेनचं २०२३ आठवा. वय ३३, कॅरोलायनात नवा संघ, क्वार्टरबॅक ब्राइस यंग पहिल्याच वर्षात, आणि संघाने अख्ख्या मोसमात दोन सामने जिंकले. तरी थीलेनने १०३ झेल घेऊन १,०१४ यार्ड काढले. ड्राफ्टमध्ये तो बहुतेकांना अगदी शेवटी मिळाला होता. जाकोबी मायर्सचंही तसंच. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खऱ्या संघांच्या निवडीत, कुणी घेतलाच नाही, पण न्यू इंग्लंडकडून २०२१मध्ये ८३ झेल आणि ८६६ यार्ड. असे गडी उशिरा मिळतात आणि कामाला येतात, हे मान्य करायलाच हवं.

आता याच दोन उदाहरणांची दुसरी बाजू पाहा. थीलेनच्या १०३ झेलांपैकी ४९ पहिल्या सहा सामन्यांत आले आणि त्याचे चारही टचडाउन त्याच सहा सामन्यांतले. उरलेल्या अकरा सामन्यांत ५४ झेल. म्हणजे सप्टेंबरमध्ये तुमचा विश्वास बसतो आणि डिसेंबरमध्ये, प्लेऑफच्या तोंडावर, तो ओसरतो. मायर्सला एनएफएलमधला पहिला टचडाउन झेल घ्यायला तिसऱ्या मोसमाचा नोव्हेंबर उजाडला. तोवर त्याने स्वतः चेंडू फेकून दोन टचडाउन करून दिले होते! गुणी खेळाडू, पण आठवडा जिंकून देणारा स्फोट त्याच्याकडून क्वचितच व्हायचा.

तरीही एवढ्यावरून मी मुरलेल्यांपासून दूर गेलो नसतो. मला खरा वैताग आला तो रविवारी सकाळी साडेअकराचा. दुपारी एकच्या सामन्यांचे न खेळणारे खेळाडू तेव्हा जाहीर होतात आणि पुढचा दीड तास फ्लेक्सच्या (जिथे रिसीव्हर किंवा रनिंग बॅक कुणीही चालतो अशा) एका जागेचा घोळ सुरू होतो. बेंचवरचा हा मुरलेला गडी गेल्या आठवड्यात साडेआठ गुण, त्याआधी सात, त्याआधी अकरा. आपल्या तिसऱ्या रिसीव्हरचा अंदाजही तेवढाच. समोर त्याला अडवणारा कॉर्नरबॅक कोण आहे ते पाहा, पाऊस आहे का पाहा, मागच्या तीन आठवड्यांचे टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले चेंडू) मोजा. सगळं पाहूनही दोघांत अर्ध्या गुणाचा फरक. खेळवला की सहा, बसवला की अठरा. आणि मंगळवारी रात्री वेव्हरसाठी (मोकळ्या खेळाडूंमधून नवा उचलण्यासाठी) कुणाला सोडायचं म्हटलं तर यालाही सोडवत नाही, कारण अठरा गुण केलेला माणूस सोडायचा कसा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑक्टोबरभर तो जागा अडवून बसतो, आणि त्या जागेवर जो नवा पोरगा उचलता आला असता तो दुसऱ्याच्या संघात जातो. मला फॅन्टसी फुटबॉल आवडतो तो खेळ पाहण्यासाठी. रविवारची सकाळ अशा निष्फळ हिशेबात जावी हे मला मनापासून सोसत नाही.

नवख्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. सुरुवातीला तो बेंचवर बसतो आणि त्याला खेळवायचं नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग एक तर तो उसळतो आणि थेट आपल्या पहिल्या तीनांत येतो, नाहीतर तीन-चार आठवड्यांत त्याला मैदानावर उभंच केलं जात नाही हे दिसतं आणि आपण त्याला निवांत सोडतो. दोन्हीकडे उत्तर स्पष्ट.

उसळणारेही काही आभाळातून पडत नाहीत. बहुतेक वेळा त्यांच्यापुढची जागा कुठल्यातरी कारणाने रिकामी झालेली असते. २००६मध्ये न्यू ऑर्लिन्सने ऑगस्टच्या अखेरीस डॉन्टे स्टॉलवर्थला फिलाडेल्फियाकडे धाडलं आणि हॉफस्ट्रासारख्या छोट्या कॉलेजातून आलेल्या, सातव्या फेरीत २५२व्या क्रमांकावर निवडलेल्या मार्केस कोल्स्टनला जागा मिळाली. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझचं त्या संघातलं ते पहिलंच वर्ष. कोल्स्टनने १,०३८ यार्ड आणि आठ टचडाउन केले. २०२३मध्ये रॅम्सचा कूपर कप हॅमस्ट्रिंगमुळे पहिले चार सामने बाहेर गेला आणि पाचव्या फेरीतला, १७७वा निवडलेला पुका नकुआ पहिल्याच सामन्यात १० झेल आणि ११९ यार्ड करून बसला. मोसमाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड. नवख्याच्या यार्डांचा बिल ग्रोमनचा १,४७३चा विक्रम १९६०पासून उभा होता, तो मोडला. त्या वर्षी कित्येक लीगमध्ये नकुआला ड्राफ्टमध्ये कुणी हातही लावला नव्हता.

‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचं’ हा आक्षेप मी आमच्या लीगमध्ये दरवर्षी ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. नकुआ एखादाच. बहुतेक नवखे ऑक्टोबर उजाडेपर्यंत विस्मरणात जातात. शिवाय जे चमकतात तेही आपल्या सोयीने चमकत नाहीत. डेट्रॉइटच्या आमोन-रा सेंट ब्राउनचं पहिलं वर्ष, २०२१, घ्या. पहिल्या अकरा सामन्यांत ३९ झेल, ३५२ यार्ड, टचडाउन शून्य. डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर त्याने टचडाउन झेलला, डेट्रॉइटने त्या मोसमातला पहिला सामना जिंकला, आणि तिथून पुढे गडी थांबलाच नाही. त्या सामन्यासह शेवटच्या सहा सामन्यांत ५१ झेल, ५६० यार्ड आणि पाच टचडाउन. ज्यांनी त्याला ऑगस्टमध्ये घेतलं होतं त्यांच्यापैकी फारच थोड्यांकडे तो तोवर टिकला असेल. म्हणूनच नवखा घ्यायचा तर डोळे उघडे ठेवून घ्यायचा, आणि सोडल्यावरही त्याच्यावर नजर ठेवायची. त्याचे स्नॅप (मैदानावर खेळलेले डाव) वाढतायत का, पास झेलण्यासाठी तो किती मार्ग धावतोय, हे गुणांच्या आधी कळतं. जस्टिन जेफरसनने २०२०मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून ७० यार्ड केले होते. तिसऱ्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि एकट्या त्या दुपारी १७५.

मुरलेला घेणंच शहाणपणाचं ठरेल असे प्रसंगही आहेत. लीग चौदा जणांची असेल, तीन रिसीव्हर आणि वर दोन फ्लेक्स खेळवावे लागत असतील, तर दर आठवड्याला जागा भरणं हेच मोठं काम असतं आणि वेव्हरवर फारसं काही उरलेलं नसतं. तिथे थीलेनसारखा माणूस बाराव्या फेरीत मिळाला तर मीही घेईन. बेस्ट बॉल (जिथे सर्वाधिक गुण करणारे आपोआप धरले जातात) खेळत असाल तर कुणाला खेळवायचं हा माझा वैतागच उरत नाही. बेंच चारच जणांचं असेल तर नवख्याला पोसणं महाग पडतं. उलट अर्ध्या पीपीआरच्या लीगमध्ये तेच पाच झेल आणि पन्नास यार्ड साडेसातवर येतात. तिथे मुरलेल्याची बाजू आणखी हलकी होते असं मला वाटतं.

दहा-बारा जणांच्या साध्या लीगमध्ये मात्र मी शेवटच्या चार फेऱ्यांत तीन नवखे किंवा दुसऱ्या वर्षातले रिसीव्हर घेतो. मुरलेला घेतलाच तर एक, तोही बाय वीकचं गणित बघून. नवख्यांत निवड करताना कॉलेजमधली प्रसिद्धी मी बाजूला ठेवतो आणि दोन गोष्टी तपासतो. गेल्या मोसमात त्या संघात ज्यांच्याकडे चेंडू जायचा त्यांच्यापैकी कोण निघून गेलं, आणि सध्या दुखापत कुणाला आहे. एवढं पाहून दोघे सारखेच वाटले तर सरावाच्या शेवटच्या सामन्यात कोण खेळला ते बघा. चौथ्या क्वार्टरपर्यंत धावून पाच झेल घेणाऱ्या पोराची चर्चा होते, पण माझी पसंती त्या पोराला, ज्याला दुखापत नसतानाही कोचने मुख्य खेळाडूंबरोबर टोपी घालून बाजूला उभं ठेवलं होतं, म्हणजे मुख्य खेळाडूंसारखंच जपलं होतं.