चाईवरील इंजेक्शने, लोशन आणि मिनॉक्सिडिल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डोक्यावर चाई, म्हणजे ठिकठिकाणचे केस जाऊन गोल टक्कल पडण्याचा आजार, झाल्यामुळे गेले काही महिने मी नौपाड्यातील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार घेत आहे. भांगाजवळच्या दोन मोठ्या चट्ट्यांमध्ये ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने, रात्री त्याच जागी क्लोबेटासोल या स्टेरॉइडचे लोशन आणि नंतर जोडीला मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे ५ टक्क्यांचे औषध, असे या उपचाराचे स्वरूप आहे. दोन्ही चट्टे आज भरलेले आहेत. तरीही या औषधांना पूर्ण श्रेय द्यावे की नाही, याविषयी मी सावधपणे लिहिणार आहे, कारण या आजारात केस उपचारांवाचूनही परत येतात आणि हे लक्षात न घेता लिहिलेला अनुभव वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

सर्वांत मोलाची ठरली ती पहिली तपासणी. डॉक्टरांनी डर्मोस्कोप हे त्वचा मोठी करून दाखवणारे उपकरण लावून चट्ट्याच्या कडा बराच वेळ न्याहाळल्या आणि मलाही पडद्यावर दाखवल्या. टोकाला जाड व मुळाशी निमुळते होत गेलेले आखूड केस आणि त्वचेलगत तुटलेल्या केसांचे काळे ठिपके या चाईच्या ठळक खुणा आहेत. त्वचा गुळगुळीत होती, कोंडा, खपल्या किंवा पू नव्हता आणि केसांची छिद्रे शाबूत होती. हे पाहणे आवश्यक असते, कारण गोल टक्कल दिसले म्हणजे ती चाईच असे नाही. बुरशीच्या संसर्गातही, विशेषतः लहान मुलांमध्ये, असेच चट्टे पडतात, पण त्यावर पोटातून बुरशीविरोधी औषध द्यावे लागते आणि नुसते स्टेरॉइड लावल्यास संसर्ग पसरतो. घट्ट वेणी किंवा अंबाडा यांच्या सततच्या ताणानेही कपाळालगतचे केस जातात. कोणाला नकळत केस उपटण्याची सवय असते. काही आजारांत तर त्वचेवर व्रण राहून छिद्रेच बुजतात आणि तेथे केस परत येत नाहीत. दुसऱ्या उपनगरातील एका केंद्राने मला डोके न तपासताच पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव टोचण्याच्या) सत्रांचे पॅकेज सांगितले होते. तेथून मी परत फिरले, आणि ते योग्यच झाले असे आजही वाटते.

चाईचे कारण शरीराच्या आतले आहे. केसांच्या मुळांना एरवी रोगप्रतिकारक पेशींपासून विशेष संरक्षण असते. ते ढासळले की या पेशी वाढीच्या अवस्थेतील मुळांवर हल्ला करतात. मुळे नष्ट होत नाहीत, म्हणूनच केस परत येण्याची आशा राहते. प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते आणि थायरॉइडचे विकार, कोड, दमा किंवा ॲलर्जीचा इसब यांच्याशी तिचा संबंध आढळतो; त्यामुळे माझी थायरॉइडची तपासणी झाली. लोह कमी असल्यास केस सहसा सर्व डोक्यावरून विरळ होतात, गोल चट्टे पडत नाहीत, हेही डॉक्टरांनी समजावून सांगितले. कळव्याच्या आत्याने मात्र केसांना किडा लागल्याचे निदान करून गुंज उगाळून लावायला सांगितले. गुंजेच्या बियांत ॲब्रिन हे अत्यंत घातक विष असते, तेव्हा तिच्या मायेचा पूर्ण आदर ठेवून मी नकार दिला. कोणी सांगितले तरी गुंज लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता इंजेक्शनांविषयी. अतिशय बारीक सुईने, साधारण एकेक सेंटीमीटर अंतरावर, त्वचेत थेंब थेंब औषध सोडले जाते आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तेच केले जाते. आधी बर्फ लावल्यास वेदना सोसण्याजोगी होते. काम झाल्यावर मी ठाणे स्थानकावरून नेहमीची वाशीकडची लोकल धरून ऐरोलीच्या कार्यालयात जात असे. दुसऱ्या खेपेनंतर एका चट्ट्यात त्वचा किंचित खोल गेली. हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, तो बहुधा हळूहळू भरून येतो, आणि डॉक्टरांनी पुढील वेळी औषधाची तीव्रता कमी केली. त्यानंतर आलेली लव पांढरी होती. ती पाहून आई फार घाबरली, परंतु चाईत सुरुवातीचे केस अनेकदा पांढरे येतात व पुढे रंग धरतात. माझे बहुतेक केस आता काळे झाले आहेत. मिनॉक्सिडिलमुळे कानशिलांवर बारीक लव वाढली. हे औषध एकट्याने चाई थांबवत नाही, ते वाढीला हातभार लावते, आणि गरोदरपणाचा विचार असणाऱ्या स्त्रियांनी ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लावू नये.

कानामागे नंतर पडलेल्या वाटाण्याएवढ्या चट्ट्यावर डॉक्टरांनी मुद्दाम काहीच दिले नाही, नुसते लक्ष ठेवायला सांगितले. तोही भरला, मात्र इंजेक्शने दिलेल्या चट्ट्यांपेक्षा बऱ्याच उशिरा. एका डोक्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण माझे मत असे झाले आहे की इंजेक्शनांनी वेळ वाचवला आणि भांगाजवळ उघड दिसणाऱ्या चट्ट्यासाठी तो वेळ वाचणे मला फार गरजेचे होते. ज्यांचा चट्टा लहान आहे व केसांखाली झाकला जातो, त्यांनी काही महिने थांबण्याचा पर्याय डॉक्टरांना अवश्य विचारावा. मोजके चट्टे असणाऱ्या अनेकांचे केस वर्षभरात आपोआप येतात.

ज्यांचे निम्म्याहून अधिक केस गेले आहेत, डोक्याच्या मागील व बाजूच्या कडेने पट्टा पडला आहे किंवा नखांवर बारीक खड्डे आले आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव अपुरा आहे. त्यांचा आजार अधिक चिवट असू शकतो. अशा तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये आणि रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची व रक्ताच्या इतर तपासण्या कराव्या लागतात, संसर्गाचा धोका वाढतो आणि गोळी बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात. माझ्याही बाबतीत चाई पुन्हा होण्याची शक्यता आहेच, म्हणून लोशन थांबवल्यानंतरही आई दर महिन्याला त्याच उजेडात माझ्या डोक्याची छायाचित्रे काढते आणि पुढील भेटीत ती डॉक्टरांना दाखवायची आहेत.